प्लगिनमध्ये सगळं हिरवं, तरी १५:१५ चं झालं ९१५. कॉन्फिग फाइल नक्की तपासायची कुठे?

अंधेरी_ईस्ट | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होणार आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय कळणार नाही आणि मला खरंच तुमची मतं हवीयत.

आमची सहा जणांची टीम आहे, एका ब्रोकरचं ऑर्डर मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रत्येक सेगमेंटची वेगळी यॅमल फाइल (सेटिंग लिहायचा साध्या मजकुराचा फॉरमॅट): इक्विटी, एफ अँड ओ, करन्सी, कमॉडिटी. मार्केट उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, इंट्राडे पोझिशन आपोआप स्क्वेअर ऑफ करायची, म्हणजे उलटी ऑर्डर टाकून मिटवायची वेळ, एका ऑर्डरची कमाल क्वांटिटी, कुठल्या सर्व्हरला जोडायचं, सगळं त्यातच. मागच्या वर्षी या फायलींमधल्या टायपोंनी दोनतीनदा रात्र जागवली म्हणून मी हट्टाने बसून जेसन स्कीमा लिहिला, म्हणजे फाइल कशी असावी त्याचे नियम. कुठली की (सेटिंगचं नाव) असायलाच हवी, कुणाचा टाइप काय, वेळ असेल तर दोन आकडे, कोलन, दोन आकडे अशीच हवी वगैरे. आणि सगळ्यांच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये रेड हॅटचं यॅमल एक्स्टेन्शन (तेच ते प्लगिन) टाकायला लावलं. फाइलच्या पहिल्या ओळीत कमेंटमधे स्कीमाचा पत्ता दिला की टाइप करता करताच चूक दिसते, खाली लाल नागमोडी रेघ येते. सहा महिने मस्त चाललं होतं, लोक स्वतःहून म्हणायला लागले की आता फाइल बदलायची भीती वाटत नाही.

आज शनिवार. शनिवारी आम्ही यूएटीवर, म्हणजे लाइव्ह जायच्या आधीच्या चाचणीच्या सेटअपवर, आदल्या एखाद्या दिवसाचा रेकॉर्ड केलेला फीड पहिल्यापासून चालवतो, घड्याळ पण सिम्युलेटेड. सव्वानऊ झाले, मार्केट उघडलं, पहिली टेस्ट ऑर्डर भरली आणि त्याच सेकंदाला विरुद्ध बाजूची ऑर्डर आपोआप गेली. दुसरी टाकली, तेच. लॉगमध्ये प्रत्येक खरेदीखाली लगेच विक्री आणि कारणाच्या रकान्यात 'इंट्राडे स्क्वेअर ऑफ'. अहो, स्क्वेअर ऑफ दुपारी सव्वातीनला व्हायला हवं!

फाइल उघडली तर स्क्वेअरऑफ_टाइम: १५:१५ असं स्वच्छ लिहिलेलं. प्लगिनला एकही तक्रार नाही. मग प्रोग्रॅमने काय वाचलं ते प्रिंट करून बघितलं. ओपन_टाइम आलं '०९:१५', अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर). स्क्वेअरऑफ_टाइम आलं ९१५. अवतरण नाही, नुसता आकडा. आणि आमच्याकडे वेळ वाचणारं एक जुनं फंक्शन आहे, त्याला आकडा मिळाला की शेवटचे दोन आकडे मिनिटं आणि उरलेले तास असं ते धरतं, कारण कधीकाळी फायलींमधे वेळ तशीच असायची. म्हणजे ९१५ म्हणजे सकाळचे सव्वानऊ.

आधी १५:२० होतं, डबल कोट्समध्ये. गेल्या आठवड्यात ब्रोकरकडून ती १५:१५ करायचा निरोप आला, टीममधल्या एकाने बदलली आणि ते करताना कोट्स गेले. त्याचा काही दोष नाही, प्लगिनने त्याला ठीक आहे म्हणूनच सांगितलं होतं. यूएटीत सापडलं, कुणाचा एक रुपया गेला नाही. पण सोमवारी हे लाइव्ह जाणार होतं हे डोक्यातून जात नाहीये.

मला विचारायचंय ते हे की स्कीमात वेळ ही स्ट्रिंग हवी असं स्पष्ट लिहिलेलं असताना प्लगिनने आकडा सोडला कसा? आणि तुम्ही लोक कॉन्फिग नक्की कुठे तपासता?

---

ठाणे_पश्चिम | शनिवार, रात्री ११:०५

प्लगिनने आकडा सोडला नाहीये भाऊ. त्याला तो आकडा दिसलाच नाही, त्याला स्ट्रिंगच दिसली.

यॅमलचं १.१ हे स्पेसिफिकेशन २००५ चं, त्यात साठाच्या पटीतले आकडे लिहायची सोय होती. कोलनने तोडलेले आकडे दिसले की तो बेस साठचा पूर्णांक. १५ गुणिले ६० म्हणजे ९००, अधिक १५, झाले ९१५. १.२ आलं २००९ मधे आणि त्यात ही सोय काढून टाकली. पायथॉनची नेहमीची पाययॅमल लायब्ररी अजून १.१ च्या नियमाने वाचते. रेड हॅटचं एक्स्टेन्शन डिफॉल्टला १.२ ने वाचतं. त्यामुळे एकाच ओळीचे दोन अर्थ झाले आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर!

०९:१५ वाचलं कारण पाययॅमलच्या नियमात हा साठवाला आकडा शून्याने सुरू होऊ शकत नाही. ९:१५ लिहिलं असतंत तर ५५५ आलं असतं. म्हणजे शून्याने सुरू होणाऱ्या, दहाच्या आधीच्या वेळा कायम नीट दिसणार आणि नंतरच्या बिघडणार, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा प्रकार जास्त प्रसिद्ध आहे. नॉर्वेचा देश कोड एन ओ, तो कोट्सशिवाय लिहिला की १.१ मधे फॉल्स (नाही) होतो. ऑन, ऑफ, येस यांचेही असेच ट्रू किंवा फॉल्स होतात. फाइल परमिशन ०६४४ लिहिली की ४२० येते, कारण पुढे शून्य म्हणजे ऑक्टल, आठाच्या पटीतला आकडा.

---

चेंबूर_नाका | शनिवार, रात्री ११:३२

बापरे, अंगावर काटा आला. आणि एक लक्षात आलं का, पंधराला साठाने गुणलं की बरोबर नऊशे येतात, त्यामुळे दुपारी तीन ते चारमधली कुठलीही वेळ तुमच्या त्या फंक्शनला सकाळी नऊ ते दहामधली वाटणार. १५:३० चे ९३०. १६:०० असतं तर ९६० झालं असतं, साठ मिनिटं म्हणून फंक्शनने निदान आरडाओरडा केला असता. नेमकं आपल्या मार्केटच्या शेवटच्या अर्ध्या तासात हे गुपचूप बसतं. कमॉडिटीची फाइल पण बघा, तिकडे रात्री २३:३० आणि २३:५५ असतं ना, त्याचे १४१० आणि १४३५ होतील, दुपारचे दोन दहा आणि दोन पस्तीस!

---

डोंबिवलीची_मी | रविवार, सकाळी ९:१५

एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये यॅमल व्हर्जन असा पर्याय आहे, तो १.१ करा. लगेच लाल रेघ येईल. पण सहाही जणांच्या मशीनवर करावं लागेल आणि सातवा माणूस आला की विसरेल, म्हणून ती सेटिंग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच कमिट करा.

माझं मात्र वेगळंच म्हणणं आहे. स्कीमा लिहिला म्हटल्यावर पहिला प्रश्न, त्यात ॲडिशनल प्रॉपर्टीज फॉल्स, म्हणजे अनोळखी की चालणार नाही असं केलंय का? जेसन स्कीमात अनोळखी की चालते, हे डिफॉल्ट आहे. मी एका विमा कंपनीच्या कामावर होते, तिथे रिट्राय_लिमिटच्या जागी कुणीतरी रिट्राय_लिमीट टाइप केलं, एका अक्षराचा फरक. स्कीमा म्हणाला चालेल, कारण खरी की ऐच्छिक होती आणि ही अनोळखी की त्याला मान्य होती. प्रोग्रॅमला खरी की मिळाली नाही म्हणून त्याने स्वतःचं डिफॉल्ट घेतलं. तीन आठवडे आम्ही बदललेल्या सेटिंगचा परिणाम का दिसत नाही म्हणून नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो. त्या बिचाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

आणि स्कीमातलं डिफॉल्ट हे नुसतं माहितीपर असतं, व्हॅलिडेटर (स्कीमाप्रमाणे फाइल तपासणारा प्रोग्रॅम) ती व्हॅल्यू भरतोच असं नाही. फॉरमॅटचंही तसंच, फॉरमॅट टाइम लिहिलं म्हणून ती तपासली जातेच असं नाही, बऱ्याच लायब्ररीत वेगळं चालू करावं लागतं. तुम्ही पॅटर्न लिहिलाय ते बरं केलंत.

अजून एक खड्डा आहे. सगळ्या सेगमेंटचा सामायिक भाग वेगळ्या स्कीमात ठेवून ऑल ऑफने जोडत असाल तर ॲडिशनल प्रॉपर्टीज फॉल्स तुमच्याच सामायिक की नाकारायला लागतं, कारण त्याला शेजारच्या स्कीमातलं काही दिसत नाही. त्यासाठी २०१९-०९ च्या आवृत्तीपासून अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज आलंय, ते वापरा. अर्थात तुमच्या प्लगिनला ती आवृत्ती कळते का ते आधी बघा, त्याआधीच्या ड्राफ्ट ७ या आवृत्तीवरच थांबलेली टूल्स खूप आहेत.

---

कुर्ला_हार्बर | रविवार, सकाळी १०:४०

डोंबिवलीताईंशी सहमत. जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये पण हेच, कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजमध्ये अनोळखी फील्ड डिफॉल्टने सोडून दिलं जातं. हेल्म चार्टमध्ये (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायचं पॅकेज) व्हॅल्यूजच्या शेजारी स्कीमाची फाइल ठेवता येते, हेल्म ३ पासून, मग लिंट, इन्स्टॉल, अपग्रेड सगळीकडे तोच तपासला जातो. तसं काहीतरी करा.

वाखू (वाचनखूण) साठवली.

---

जुना_फोर्टकर | रविवार, दुपारी १२:१०

मी या कामात एक्सएमएलच्या काळापासून आहे. तेव्हा एक्सएसडी, म्हणजे एक्सएमएलचा स्कीमा लिहायचो, डब्ल्यू३सीने २००१ मधे ते रेकमेंडेशन म्हणून मान्य केलं, आणि बिल्डमध्ये मेव्हनचं प्लगिन प्रत्येक फाइल त्या एक्सएसडीवर घासून बघायचं. फाइल चुकली की बिल्डच होत नसे. लोक वैतागायचे, कंस लिहून लिहून बोटं दुखायची, पण ३० म्हणजे आकडा की मजकूर हे फाइल वाचणारा अंदाजाने ठरवत नव्हता. ते ठरवायचं एक्सएसडीने, आणि ते सगळ्यांना सारखं दिसायचं. यॅमलमध्ये वाचणाराच टाइप ठरवतो आणि व्हॅलिडेटर त्यानंतर येतो. व्हॅलिडेटरच्या हातात फाइल पडतच नाही, पडतो तो कुणीतरी आधी लावलेला अर्थ. या धाग्यातला सगळा घोळ या एका गोष्टीत आहे.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. ज्याची फाइल, त्यानेच ती तपासायची. जुनी चांगली सॉफ्टवेअर बघा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला मायनस टी दिलं की तो स्वतःच स्वतःची कॉन्फिग वाचून सांगतो ठीक आहे की नाही. एसएसएचच्या सर्व्हरला तीच सोय आहे. लिनक्सवर कुणाला कुठले अधिकार ते ठरवणारी सुडोअर्सची फाइल व्हिसुडोने उघडली की चूक असताना सरळ सेव्ह होऊ देत नाही. सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोमीथियसबरोबर तपासायला प्रॉमटूल येतं. यांच्यात वेगळा पार्सर, वेगळा अर्थ अशी भानगडच नाही, खरा प्रोग्रॅम ज्या कोडने वाचणार त्याच कोडने तपासणार. एडिटरमधलं प्लगिन हे टाइप करणाऱ्याच्या सोयीसाठी, त्याला की आठवावी म्हणून. त्याच्या हिरव्या खुणेवर लाइव्ह जाऊ नका, कृपा करून.

---

अंधेरी_ईस्ट | रविवार, दुपारी १:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंबूर_नाका, कमॉडिटीची फाइल लगेच उघडली, तिथे कोट्स आहेत, हुश्श.

फोर्टकर काका, तुमचं पटतंय पण अडचण सांगतो. प्रोग्रॅम सुरू होतानाच तपासायचं म्हटलं तर आमचा प्रोग्रॅम सुरू होतो सकाळी साडेसातला. तेव्हा त्याने 'फाइल चुकलीय, मी सुरू होत नाही' म्हटलं तर मी कल्याणहून येणाऱ्या गाडीत दोन माणसांच्या मधे उभा असतो, लॅपटॉप उघडायला जागा नसते, आणि नऊला प्री-ओपन. मला चूक आदल्या संध्याकाळी, बदल मर्ज व्हायच्या (मुख्य कोडमध्ये मिसळायच्या) आधी कळायला हवी.

---

जुना_फोर्टकर | रविवार, दुपारी १:५०

मग दोन्हीकडे तपासा ना. प्रोग्रॅमला एक वेगळा पर्याय द्या, नुसती फाइल वाचून, तपासून, बंद हो, एक्स्चेंजला जोडू नकोस. सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) मर्जच्या आधी तोच कमांड चालवा. सकाळी सुरू होताना पण तोच कोड चालेल, पण तोवर तिथे चुकीचं काही पोचलेलंच नसेल. मात्र सीआयवाल्या मशीनवर लायब्ररीची आवृत्ती प्रॉडक्शनचीच हवी, नाहीतर परत दोन वाचणारे झाले.

---

गिरगाव_चौपाटी | रविवार, संध्याकाळी ६:३०

काकांचा मुद्दा किती खरा आहे त्याचं मोठं उदाहरण सगळ्यांनी अनुभवलंय. १९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे ९:३९. क्राउडस्ट्राइकने जगभरच्या विंडोज मशीनना एक अपडेट पाठवलं. ते नवीन प्रोग्रॅम नव्हतं, त्यांच्याच भाषेत कंटेंट कॉन्फिगरेशन अपडेट होतं, चॅनल फाइल २९१. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर गेली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले होते, आठवत असेल.

त्यांच्याकडे व्हॅलिडेटर नव्हता का? होता. ती फाइल त्या व्हॅलिडेटरमधून पास होऊनच बाहेर पडली होती. नंतर त्यांनी कारणांचा जो अहवाल काढला तो मी बसून नीट वाचला. त्या प्रकारच्या नियमांच्या व्याख्येत २१ इनपुट फील्ड होती. व्हॅलिडेटर त्या व्याख्येप्रमाणे २१ धरून तपासत होता. प्रत्यक्ष मशीनवर चालणारा कोड मात्र २० च इनपुट पुरवत होता. आधीच्या सगळ्या अपडेटमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असंच लिहिलेलं असायचं, त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा एकविसाव्या जागी खरी अट आली, कोड नसलेल्या जागेतून वाचायला गेला आणि कर्नलसकट मशीन पडलं.

तुमची १५:१५ ची ओळ आणि हे, दोन्हीचा सांगाडा मला एकच दिसतो. स्पेसिफिकेशन बरोबर, तपासणारा त्याच्याशी प्रामाणिक, फाइल त्याला उतरलेली. चालवणारा मात्र दुसरंच समजून बसलेला.

अवांतर: दुरुस्त फाइल त्यांनी ७८ मिनिटांत सोडली होती, पण पडलेलं मशीन ती घ्यायला चालूच होत नव्हतं, एकेका मशीनपाशी माणसाला जावं लागलं. तेव्हा सकाळी प्रोग्रॅमने सुरू व्हायला नकार देणं हे सुद्धा त्यातल्या त्यात चांगलंच म्हणायचं.

---

भांडुप_स्टेशनरोड | रविवार, रात्री ८:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

विलेपार्ले_१९८४ | रविवार, रात्री ९:४५

सगळे स्कीमा कडक करा म्हणतायत म्हणून उलट बाजू मांडतो. अति कडक केला तरी त्रास होतो. आमच्याकडे एकाने उत्साहात बंद व्हायची वेळ १५:३० च असली पाहिजे असं स्कीमात पक्कं करून टाकलं होतं. दिवाळीत मुहूर्त ट्रेडिंग आलं, त्याची वेळ एक्स्चेंज दर वर्षी वेगळी जाहीर करतं, आणि आमची फाइल काही केल्या पास होईना. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मी स्कीमा सैल करत बसलो होतो, घरी रांगोळी चाललेली आणि मी आतल्या खोलीत रेगेक्स (स्कीमातला पॅटर्न) बदलतोय. घाईत सैल केलेला स्कीमा पुढे कुणी परत आवळत नाही, तो तसाच राहतो, हा खरा तोटा.

स्कीमात आकार ठेवावा, धंद्याचे नियम ठेवू नयेत असं माझं मत झालंय. स्क्वेअर ऑफची वेळ बंद व्हायच्या वेळेच्या आधी हवी, उघडायच्या वेळेनंतर हवी, असल्या अटी साध्या जेसन स्कीमाला जमतच नाहीत, दोन फील्डची तुलना त्यात करता येत नाही. काही लायब्ररीत त्यासाठी जादा सोयी आहेत पण मग दुसऱ्या लायब्ररीला तो स्कीमा कळत नाही. असे नियम सरळ कोडमध्ये लिहावेत आणि काका म्हणतात त्या तपासणीच्या कमांडमधेच चालवावेत. तुमच्याकडे स्क्वेअर ऑफ हे उघडण्यानंतर किमान एक तासाने हवं अशी एक ओळ असती तर बेस साठचं कुणाला काही माहीत नसतानाही हे पकडलं गेलं असतं.

---

डोंबिवलीची_मी | रविवार, रात्री १०:१०

हे मात्र शंभर टक्के. माझ्या प्रतिसादात हे राहिलंच होतं.

---

अंधेरी_ईस्ट | पुढचा रविवार, सकाळी ११:००

आठवडाभराने लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सोमवारी आधी तो आकडा झेलणारा जुना रस्ता वेळेच्या फंक्शनमधून काढला. आता आकडा आला की ते सरळ एरर देतं. पाययॅमल काढून रुआमेल यॅमल घेतलं, ते डिफॉल्टला १.२ ने वाचतं, म्हणजे प्लगिन आणि प्रोग्रॅम एकाच भाषेत आले. तरी वेळेला कोट्स हवेतच असा टीमचा नियम ठेवलाय, कारण उद्या एखादा रिपोर्टवाला त्याच फायली जुन्या लायब्ररीने वाचेल.

मंगळवार बुधवार हाताने लिहिलेला स्कीमा टाकून दिला. सेटिंगचे सगळे क्लास पायडँटिकमध्ये (डेटा तपासणारी पायथॉनची लायब्ररी) लिहिले, अनोळखी की निषिद्ध, आणि स्कीमा त्या क्लासमधूनच तयार करून प्लगिनला दिला. त्यामुळे प्लगिन जे दाखवतं ते प्रोग्रॅमच्याच व्याख्येतून आलेलं असतं. स्ट्रिंगच्या जागी आकडा आला तर पायडँटिकची दुसरी आवृत्ती तो नाकारते, पहिली गुपचूप स्ट्रिंग करून घ्यायची, त्यामुळे आवृत्ती पक्की केलीय. विलेपार्लेंनी सांगितलेले वेळांच्या क्रमाचे नियम त्याच क्लासमध्ये टाकले, आणि मुहूर्ताच्या दिवसासाठी वेगळी फाइल ठेवली, तिला वेगळी मुभा.

तपासणीची कमांड पहिल्यांदा सगळ्या फायलींवर चालवली तेव्हा करन्सीच्या फाइलमध्ये एक अनोळखी की सापडली. अलर्ट_ईमेल्सच्या जागी अलर्ट_ईमेल. म्हणजे त्या सेगमेंटचे अलर्ट आजवर कुणालाच जात नव्हते. डोंबिवलीताई, तुमची आठवण काढली तेव्हा सगळ्यांनी.

एक गोष्ट अजून अडलीय. एरर येते ती 'स्क्वेअरऑफ_टाइम चुकीचं' एवढीच येते. रात्री ऑपरेशन्सला बसणाऱ्या मुलाला फाइलच्या कुठल्या ओळीत बघायचं ते कळत नाही, आणि फाइल चारशे ओळींची आहे. ओळ क्रमांक कसा आणायचा?

---

ठाणे_पश्चिम | पुढचा रविवार, दुपारी १२:३५

फाइल वाचून डिक्शनरी झाली की साध्या डिक्शनरीत ओळ क्रमांक उरत नाही, म्हणून पायडँटिकला तो माहीतच नसतो. पण रुआमेलच्या राउंड ट्रिप मोडने वाचलंत तर प्रत्येक मॅपला एल सी नावाचं ॲट्रिब्यूट असतं, त्यात कुठली की कुठल्या ओळीवर ते मिळतं. पायडँटिकच्या एररमध्ये लोकेशन म्हणून कींचा रस्ता येतो, तो रस्ता धरून त्या मॅपपर्यंत उतरायचं आणि ओळ काढायची. मोजणी शून्यापासून आहे, एक मिळवा. वीसेक ओळींचं फंक्शन होईल.

आणि मेसेजमध्ये वाचलेली व्हॅल्यू पण छापा, कोट्ससकट. 'इक्विटी फाइल, ओळ १७, स्क्वेअरऑफ_टाइम: स्ट्रिंग हवी होती, मिळाला आकडा ९१५' एवढं दिसलं की त्या मुलाला तुम्हाला फोन करायची गरज पडणार नाही.

---

अंधेरी_ईस्ट | पुढचा रविवार, रात्री ९:२०

जमलं. नेमका हाच मेसेज घेतलाय, शेवटी फक्त 'कोट्स राहिले का बघा' एवढं जोडलं. मुद्दाम वेळेच्या जागी कोट्सशिवाय नुसता ९१५ लिहून बघितलं, ओळ बरोबर दाखवतोय.